जोडव्यांच्या आधी

आमच्याकडे, म्हणजे तंजावरहून येऊन चेन्नईत रुजलेल्या मराठी घरांत, लग्नात नवरा मुलगा वधूचा उजवा पाय हातात धरून पाट्यावर ठेवतो आणि बोटांत जोडवी घालतो. सगळं गणगोत माना पुढे काढून बघत असतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला तो पायच आठवला.

माझ्या तळपायांना लहानपणापासून घाम यायचा. थोडाथोडका नाही, फरशीवर ओले ठसे उमटायचे. त्यात हे शहर असं, की घर, देऊळ, दवाखाना, कुठेही जा, चपला बाहेर. पावडरी झाल्या, मलमं झाली, पाण्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवून विजेचा सौम्य प्रवाह सोडून झाला. फरक शून्य.

एग्मोरच्या सर्जननी सांगितलं, पोटाच्या बाजूला बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीने बघत कण्याजवळची, पायांना घाम आणणारी नस कापता येते. पाय कोरडे होतील, पण घाम पाठीवर, पोटावर फुटू शकतो, आणि कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. घरात नीट बोलून या, म्हणाले. मी आईशी बोलले. ठरलेल्या लग्नात बोभाटा नको, असं तिचं मत पडलं. म्हणून सासरी अपेंडिक्सचं ऑपरेशन असं कळवून टाकलं. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईने हे करावं याचा आज मला संताप येतो. तेव्हा फक्त सुटका दिसत होती.

शुद्धीवर आले तेव्हा पाय कोरडे आणि चक्क गरम होते. मी रडले, आनंदानेच. संध्याकाळी होणारा नवरा शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून थेट भेटायला आला, तर मी सवयीने पाय चादरीत ओढून घेतले.

लग्नात त्याने पाय उचलला, पाट्यावर ठेवला, जोडवी घातली. झालं. पाय कोरडा आहे की कसा, याकडे त्याचं लक्षही नव्हतं. माझी पाठ मात्र रेशमी ब्लाउजमध्ये निथळत होती. ती अजूनही निथळते.

तीन महिन्यांनी एका सकाळी माझं पाठीवर चिंब झालेलं ब्लाउज पाहून तो घाबरला. अपेंडिक्सच्या ऑपरेशनात काहीतरी राहून गेलंय, आजच डॉक्टरांकडे जाऊ, असा धोशा त्याने लावला. मग सांगावंच लागलं. मला वाटलं, चिडेल. त्याने फक्त माझ्या पायांकडे पाहिलं.

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. "मी ओला पाय धरला असता."

खरंच धरला असता. तीन महिने त्याच्याबरोबर राहून एवढं मला कळलं होतं. पण नस तर कापून झाली होती.