मिस्त्रीचा उतार आणि मेहुणीचा बिंदू

उंच, हडकुळा आणि ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ, मान न वाकवणारा, म्हणून गवंड्याला सगळे ओळंबामिस्त्री म्हणत. तीस वर्षं थापी चालवलेली. पाइपाचा उतार चार फुटाला एक इंच, हे त्याच्या हाडात मुरलेलं. या वेळी मात्र काम सासूबाईंच्या न्हाणीघराचं होतं. म्हातारीनं आधीच बजावलं होतं की रविवारी थोरल्या जावयांच्या देखत बादली ओतीन. पाणी तुंबलं तर घरातलं पुढचं सगळं काम थोरल्यांच्या ठेकेदाराला. थोरल्या साडूसमोर नाक कापलं जाण्यापेक्षा चर खणताना पाठ मोडलेली बरी, असं मिस्त्रीला वाटलं.

त्यानं दोरी ताणली आणि न्हाणीपाशी अठरा इंच खोल सुरुवात केली. अठराच का? वस्तादानं तशीच केलेली. तिथून बत्तीस फूट चर, चार फुटाला एक इंच, केसाचाही फरक नाही. शनिवारी पाइप सांडपाण्याच्या चेंबरपाशी पोचला, तो चेंबरच्या भोकाच्या सहा इंच खाली. सिमेंटात पक्कं बसवलेलं भोक काही हलणार नव्हतं.

मिस्त्रीनं हळूच पाइपाचं ते टोक उचलून भोकात घातलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मध्यावर जाऊन बसलं ते बसलंच, सासरी आलेल्या पाहुण्यासारखं.

शाळेत गणित शिकवणारी धाकटी मेहुणी ओट्यावरून बघत होती.

"भावोजी, उतार कुणाच्या बापाला खोटा म्हणता येणार नाही. पण त्या उताराच्या रेषा हव्या तितक्या निघतात. तुमची कुठली?"

"रेघ ती रेघ. कुठली म्हणजे?"

"जी भोकातून जाते ती."

तिनं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर त्याच्याच पेन्सिलीनं लिहिलं: खोली वजा वीस, बरोबर एक चतुर्थांश गुणिले, कंसात अंतर वजा बत्तीस. भोक वीस इंच खोल, न्हाणीपासून बत्तीस फुटांवर. हलणार नाही तो बिंदू तोच. न्हाणीपाशी अंतर शून्य. एक चतुर्थांश गुणिले उणे बत्तीस, म्हणजे उणे आठ. विसातून आठ गेले, राहिले बारा.

"बारा?" मिस्त्रीनं बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. "म्हणजे मी सहा इंच उगाच खणलं?"

"टोकापासून टोकापर्यंत. व्यायाम झाला."

मिस्त्री तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, ते मेहुणीनं ऐकू आलं नाही असं दाखवलं. अख्खा पाइप काढून त्यानं चरात सहा-सहा इंच भर घातली, धुमसानं ठोकली आणि पाइप पुन्हा बसवला. या खेपेला चेंबरकडून सुरुवात केली.

रविवारी थोरले जावई खुर्ची टाकून चेंबरपाशी बसले. सासूबाईंनी बादली उपडी केली. पाणी असं सुटलं की थोरल्यांना पायातले बूट उचलून धरावे लागले.

म्हातारीनं चेंबरात डोकावून बघितलं, मग मिस्त्रीकडे.

"सैपाकघराचं पाणीही तुम्हीच काढा जावईबापू," ती म्हणाली. "पण कुदळ मारायच्या आधी धाकटीला विचारा."

मिस्त्रीनं तेवढ्यापुरती मान वाकवली.