राणीसाहेबांवर देखरेख

साबणाच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचे सुपरवायझर म्हणून त्यांचा जन्म गेला. तिथल्या बायकांनी त्यांचं नाव ‘राउंडसाहेब’ ठेवलं होतं. वड्या नीट भरल्यात की नाही, हे ते बंद खोकी उघडून बघत. ती पुन्हा बंद करायचं काम अर्थातच बायकांचं. निवृत्तीनंतर राउंड घरात सुरू झाला. भात शिजायला ठेवला की ते दर थोड्या वेळाने झाकण काढून बघत आणि मग तो कच्चा का राहिला, असं बायकोला विचारत.

एका सकाळी जिन्यात त्यांना भलामोठा मुंगळा दिसला. ऐसपैस अंग, ओझं काही नाही, एकटाच रुबाबात चाललेला. रिकाम्या हाताने फिरतोय म्हणजे हा मुंग्यांचा साहेबच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका राहिली नाही. त्यांनी त्याला गोळ्यांच्या बाटलीत घातलं आणि फोटो मुलीला पाठवला. ती कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायची.

“बाबा, मुंगळा नाही, राणी आहे ती,” मुलीचा फोन आला. “छाती केवढी फुगीर आहे बघा. आणि पंख गळल्याच्या खुणाही दिसतायत.”

एका फोनमध्ये साहेबाच्या राणीसाहेब झाल्या. मुलीने सांगितलं तसं काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी आणि तोंडाशी पुन्हा कापूस, असा संसार त्यांनी मांडून दिला. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत राणी काही खात नाही. अंगातल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिलांनाही जगवते. नळी अंधारात ठेवायची आणि तिकडे फिरकायचं नाही. यातलं शेवटचं सोडून राउंडसाहेबांनी सगळं तंतोतंत पाळलं.

पांढरी, मोहरीहून बारीक अंडी दिसली आणि त्यांना कोण आनंद झाला! मग काय, टॉर्च घेऊन राउंड. नळी उचलायची, तिरकी करायची, भिंग लावायचं. थोड्याच दिवसांत अंडी गायब झाली. त्यांनी आधी बायकोच्या झुरळांच्या औषधावर संशय घेतला.

“राणीला त्रास झाला की ती आपलीच अंडी खाते,” मुलगी म्हणाली. “अजून एकदा घालेल. तीही खाल्ली तर चरबी संपेल आणि ती मरेल, बाबा.”

त्या दिवशी राउंडसाहेबांना घास गेला नाही. त्यांचा खरंच जीव जडला होता. पण लक्ष ठेवल्याशिवाय कामं होतात कशी, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी नळी जागेवर नव्हती.

त्यांनी डबे उपसले, गाद्या उलथ्या केल्या, रुसून पाहिलं, शेवटी अगदी काकुळतीला आले. बायको बधली नाही. “ती तिचं काम करतेय. तुम्ही पेपर वाचा,” एवढंच म्हणाली.

आठवड्यांमागून आठवडे गेले. मग एक दिवस तिने त्यांना हाक मारली, कपाट उघडलं आणि त्यांच्या कारखान्याच्या कोटाच्या खिशातून नळी काढली. निवृत्तीनंतर त्या कोटाला त्यांनी हात लावला नव्हता.

नळीत फिकट रंगाच्या चिमुकल्या मुंग्यांची लगबग चालली होती. कोणी अंडी उचलून ओल्या कापसाशी नेत होतं, कोणी राणीला चाटत होतं. राणी कोपऱ्यात गप्प होती. यांना हुकूम कोण देतं, असं त्यांनी मुलीला फोन करून विचारलं. कोणीच देत नाही, ती म्हणाली.

राउंडसाहेबांनी फोन ठेवून कोटाकडे पाहिलं.

“माझा पाय मोडला होता, त्या महिन्यात आमच्या खात्यातून सगळ्यात जास्त माल गेला होता,” ते म्हणाले. “मला वाटायचं, माझी शिस्त मुरली म्हणून.”

“खात्यातल्या बायका भेटायला आल्या होत्या तेव्हा,” बायको म्हणाली. “डॉक्टर अजून किती दिवस विश्रांती घ्या म्हणतात, ते विचारत होत्या.”

त्यांनी नळी अलगद खिशात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. स्वयंपाकघरात भात शिजत होता. तिकडे न जाता ते पेपर घेऊन बसले.