वाजवून बघणारी बाई

नव्वदच्या दशकात मी एक जुनी जीप घेतली. पत्रा असा गंजला होता, की सीटवर बसल्या बसल्या खालचा रस्ता दिसायचा. इंजिनही कुरकुरत होतं. पण इंजिन कुणाला दिसतं? सासुरवाडीत मिरवायचं होतं, म्हणून आखाडा बाळापूरच्या गॅरेजात आधी नवी बॉडी बसवून घेतली.

उतरवलेली जुनी बॉडी बाहेर पडली होती. तिच्यापाशी तांड्यावरची एक बाई येऊन थांबली. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. बाजारात मडकं घेताना वाजवतात, तसा तिनं तो पत्रा बोटांनी वाजवला, कान लावून ऐकला आणि म्हणाली, “दादा, हे मला द्या. बैलांना गव्हाण व्हईल.”

“जा घेऊन,” मी जहागीरदाराच्या थाटात म्हणालो.

पुढच्याच हप्त्यात गॉगल लावून सासुरवाडीला निघालो आणि जीपनं नेमकी तिच्या तांड्यापुढं मान टाकली. बाईचे बैल माझ्या जुन्या बॉडीत तोंड घालून निवांत कडबा खात होते. त्यांचं खाणं थांबवून तिनं ते माझ्या जीपला जुंपले. मग चकचकीत बॉनेटवर बोटं वाजवली, कान लावला.

“कामाचं व्हतं ते मला काहून देऊन टाकलं, दादा?”

मग ती माझ्याकडं वळली. तिची बोटं अजून तशीच उचललेली होती.

मी झटकन डोकं मागं घेतलं.