आमच्या सईची मराठी

नवऱ्याची रेल्वेतली बदली जयपूरला झाली आणि आमच्या घरी किस्से साठायलाच लागले. कॉलनीतल्या मराठी बायका भेटल्या की पहिला प्रश्न, "सई काय म्हणाली नवीन?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. घरी आल्यावर मात्र काळजी वाटायची. पोरीची मराठी सुटत चालली होती!

*

साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. सईनं तिला उत्साहानं सांगितलं, "मावशी, आमच्या स्कूलमध्ये खूप छान शिक्षा देतात!"

फोन माझ्या हातात आला तेव्हा बहीण कुजबुजत होती, "अगं, मारतात का पोरीला? आणि ती खूश कशी?"

*

'ळ' तर जमेचना. काळा म्हणजे 'काला', बाळ म्हणजे 'बाल'. मी घोकून घ्यायचे, ती रडायची. शेजारच्या भाभी जयपूरजवळच्या चौमू गावच्या. त्यांनी एकदा तिला गच्चीवर बसवून आपल्या राजस्थानी बोलीत रंग शिकवले. काळो, पीळो आणि पांढरा तो धोळो!

सई नाचत घरी आली. "आई, भाभीजींनी मला मराठी शिकवली!"

*

तिची शाळा वैशाली नगरला. एकदा गेटवरून मी हाक मारली, "सई, डबा विसरलीस गं!"

ती धावत आली, मैत्रिणींकडे बघत पुटपुटली, "आई, इथे मराठी नको ना. मतलब... हळू बोल."

हा किस्सा मी कॉलनीत कुणाला सांगितला नाही.

*

मग सासरे आले, आतड्याच्या ऑपरेशनला. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "मला मराठीशिवाय काही येत नाही. सईनंच मला सांगायचं." सईला दुभाषी व्हावं लागलं. दवाखान्यात डॉक्टर आले की ती अडखळत इकडचं तिकडे सांगायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी औषधं घेऊन खोलीच्या दारात पोचले, तेव्हा सासऱ्यांनी तिचा हात धरला होता. "विचार डॉक्टरांना, मी वाचेन ना?"

तिनं विचारलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "बेटा, उम्र ज्यादा है. अभी कुछ कह नहीं सकते."

सई आजोबांच्या कानाशी वाकली. "आजोबा, डॉक्टर म्हणतात, तुम्ही एकदम टणक आहात. थोड्याच दिवसांत घरी जाल!"

कुठेही अडखळली नाही!

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस."

ते वाचले. डिस्चार्ज मिळाला तशी मी रिक्षा केली. मध्ये सासरे, एका बाजूला सई, दुसऱ्या बाजूला मी. मुरलीपुऱ्याच्या वळणावर रिक्षा खड्ड्यात आदळली आणि सासरे कडाडले, "अरे भैया, जरा देख के चलाओ! टाँके अभी कच्चे हैं!"

सई त्यांच्याकडे बघतच राहिली.

आजोबा रस्त्याकडे बघत होते.