जवळचं की लांबचं

डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि मला सुई ओवता येईना. गोधड्या शिवणं हे माझं काम. दोरा संपला की सुनेला हाक मारायची. ती चुलीपुढून उठून यायची आणि विचारायची, "आत्याबाई, सुई ओवू का मोठ्या भोकाचं दाभण आणू?" दिवसातून दहा वेळा असं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचा मला संताप यायचा. म्हणून ऑपरेशनचं मीच काढलं.

मुलाने मोटारसायकलवर बसवून वाशिमला नेलं. डॉक्टर तरुण होता. डोळा तपासून त्याने विचारलं, "आजी, जवळचं हवं की लांबचं?"

मला वाटलं, सोबतच्या माणसाची चौकशी करतोय. मी म्हटलं, "जवळचाच हाय. पोटचा पोरगा हाय माया."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसला. मग त्याने समजावलं. डोळ्यात भिंग बसवायचं. त्याने जवळचं स्वच्छ दिसेल, नाहीतर लांबचं. उरलेल्यासाठी चष्मा. आणि एकदा बसवलं की सहसा बदलत नाहीत.

मुलगा लगेच म्हणाला, "लांबचं टाका साहेब. समदे तेच टाकतेत ना?"

"बरेच जण तेच घेतात. पण आजीला ठरवू द्या."

"तिले काय कळते?"

"डोळा कोनाचा हाय रे? तुया का माया?"

"माय, रस्त्यावर गाडी नाही दिसली त मंग?"

"गाडी बोंबलत येते. सुई बोंबलते काय?"

शेजारी उभ्या नर्सने हसू लपवायला तोंडावर कागद धरला. डॉक्टर म्हणाला, "डोळा नीट करणं माझं काम. तो कशासाठी पाहिजे, ते तुम्ही सांगायचं. फक्त चष्म्याशिवाय लांबचं धूसर दिसेल, हे पक्कं समजून घ्या."

"समजलं. लांबचे लोक आपल्या पायानं जवळ येतेत."

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही मीच केली. चौथीपर्यंत शिकले आहे, नाव लिहिता येतं. मुलगा फुगून बसला.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नर्सकडून दोरा आणि शिवायची सुई मागून घेतली. पहिल्याच झटक्यात ओवली! पुन्हा दोरा काढला, पुन्हा ओवली. मला हसू आवरेना. नर्सच्या हनुवटीवर तीन केस दिसले, तेही मी तिला सांगून टाकले.

लांबचा चष्मा डोळ्याची जखम भरल्यावर मिळणार होता. बाहेर आले तर फाटकाशी पांढऱ्या शर्टातला माणूस मोटारसायकलवर बसलेला. मी मागे चढले, त्याच्या पाठीवर थाप मारली. "चाल आता, कायले थांबला?"

त्याने मान वळवली. "आजी, तुमी कोन?"

पलीकडून तसल्याच पांढऱ्या शर्टातला माझा मुलगा ओरडत आला, "माय! उतर! तो मी नव्हे!"

एवढ्या जवळून मला त्या माणसाची कॉलर मात्र टाका अन् टाका दिसत होती. मी म्हटलं, "बायकोले सांग, कॉलर उसवून राह्यली तुयी." तो हसायला लागला, मुलगाही हसायला लागला, आणि हसून हसून माझा पायच वर उचलेना. शेवटी दोघांनी मिळून मला खाली उतरवलं.