‘इथे’ म्हणजे नक्की कुठे?

मंडळी, आज एका साध्या शब्दानं माझी चांगलीच जिरवली.

मी कराडला वेबसाइट बनवते. दृष्टिहीनांनाही साइट वापरता यावी म्हणून नियम पुन्हा बदललेत. त्यामुळं एका गुऱ्हाळाची नवी साइट तपासून घ्यायला सकाळी शेजारच्या सुभेदारकाकांकडं गेले. काकांना दिसत नाही. त्यांचा मोबाइल पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. पुण्याच्या लेकीला स्वतः गूळ धाडायचा म्हणून काका एकदम खुशीत होते.

मोबाइल बोलू लागला, “इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा.”

“पोरी, इथं म्हंजे कुठं गं?” काका म्हणाले. “वाट विचारली की लोक ‘हे काय, इथंच हाय’ म्हणत्यात आन् दोन कोस चालवत्यात. तसलंच केलंस की!”

बटणावर त्याचं काम लिहा, हे नियमात होतं. मीच ती किरकिर समजून सोडून दिली होती!

तिथंच बसून बदललं : ‘गूळ मागवा’, ‘काकवी मागवा’, ‘गुऱ्हाळाचा पत्ता’. काकांनी कुणाला न विचारता ऑर्डर टाकली आणि मिशीत हसले, “आता आलं बघ गाव!”

तुमच्या साइटवर किती ‘इथे’ आहेत? एकदा डोळे मिटून शोधा बरं.