दुखतंय का ओढतंय?

"दुखतंय का ओढतंय?"

अंगठा आपल्या गुडघ्यावर, नजर आपल्या तोंडावर, आणि हा प्रश्न. घाईनं उत्तर दिलं की मॅडम अंगठा उचलायच्या. "विचार करून सांग माय. घाई कुणाला हाय?"

नांदेडात एका औषधाच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. कंबर, मान, गुडघे, खांदे धरलेली माणसं तिथं यायची. त्या ऑपरेशन करत नसत, इंजेक्शनही देत नसत. शेक, व्यायाम आणि हा प्रश्न, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या सगळ्यांना माय नाहीतर बापू म्हणत. मला लिहायची फार सवय नाही, आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. पण त्यांच्याबद्दल लिहावं असं कधीचं मनात होतं.

मी उमरीकडच्या एका गावची. खो-खो खेळते. पहिल्या वर्षी खांबाजवळ वळताना पाय तिथंच राहिला आणि मी पुढं गेले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट थोडं फाटलंय. तीन महिने व्यायाम करून बघा, नाही जमलं तर ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे घरी सांगणं आलं. आणि घरी कळलं की माझे वडील, अण्णा, म्हणणार, बस झालं कॉलेज, चल गावाकडं. म्हणून मी घरी काही बोलले नाही. लंगडत मॅडमचा जिना चढले.

जिन्याच्या वरच्या तोंडाशी त्या उभ्या होत्या. नंतर कळलं, त्या रोजच तिथं उभ्या असत. माणूस जिना कसा चढतो, कठड्याला कुठला हात लावतो, चप्पल वाकून काढतो की पायानंच ढकलतो, हे बघण्यातच त्यांची अर्धी तपासणी व्हायची.

खांद्यासाठी बिलोलीकडचे एक आजोबा यायचे. काठी धरून हात वर न्यायचा आणि दहा मोजायचे, असा त्यांचा व्यायाम. ते तेलुगूत मोजायचे. "ओकटी, रेंडू, मूडू..." मॅडमची पाठ वळली की पाचावरून थेट दहा. "ऐदू, पदी!"

मॅडम न वळता म्हणायच्या, "बापू, मधले चार कुठं गेले? बिलोलीलाच उतरले का?"

सगळी खोली हसायची. आजोबाही हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्या व्यायामाचं चित्र काढून देत. चित्रकला मात्र अवघडच होती. एका काकूंनी कागद उलटसुलट करून विचारलं, "मॅडम, ह्यो बेडूक काय करून राहिला?" मॅडम साडीवरच्या पांढऱ्या कोटासकट फरशीवर आडव्या झाल्या आणि कंबर उचलून दाखवली. "हे करून राहिला. तुम्हीबी करा. पीठ मळायच्या आधी एकदा, नळाची वाट बघताना एकदा."

सहाव्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तोवर मला एक गोष्ट कळली होती. 'ओढतंय' म्हटलं की पुढचा व्यायाम मिळतो, 'दुखतंय' म्हटलं की थांबवतात.

त्या दिवशी अंगठा टेकला.

"ओढतंय," मी म्हणाले.

"आन् इथं?"

"तिथंबी ओढतंय. जरासंच."

मॅडमनी गुडघ्याकडं बघितलंच नाही. माझ्या हाताकडं बघितलं. पलंगावरची चादर माझ्या मुठीत गोळा झाली होती.

"चादर सोड," त्या म्हणाल्या. "निवड कधी हाय?"

"सोमवारी."

"न्हाई खेळायचं."

मी रडले. "तुमचं काय जातंय?" असंही बोलले. आज लिहितानाही लाज वाटते. त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून जवळ बसल्या. "खोटं बोललीस त्याचा राग न्हाई. पण इतक्या सफाईनं? शिकलीस कुठं?"

मला एकदम आई आठवली. दिवसभर सोयाबीन कापून ती घरी येते आणि भिंतीला हात लावत लावत खाली बसते. विचारलं तर "काई न्हाई" म्हणते. आमच्या घरात 'दुखतंय' असं कुणी म्हणतच नाही. हे मी मॅडमना सांगितलं.

"मग आजच तिला फोन कर," त्या म्हणाल्या, "आन् खरं सांग. ऑपरेशनचंबी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आई आली. अण्णांना बाजाराला जाते म्हणून सांगून. मॅडमनी तिला सगळं समजावलं. सोमवारची निवड सोडली आणि अजून सहा आठवडे नीट व्यायाम केला तर ऑपरेशन बहुतेक टळेल. आईनं मान डोलावली.

"आता तुम्ही पालथ्या झोपा माय."

"म्या कशाला? मला काय झालंय?"

"जिना चढताना चारदा थांबलात. झोपा."

आईच्या कमरेवर अंगठा टेकला. "दुखतंय का ओढतंय?"

"काई न्हाई. ओढतंय जरासं."

मॅडमनी हळूच मला खूण केली. आईच्या मुठीत चादर होती.

सोमवारी मी मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांची निवड बघितली. पण ऑपरेशन लागलं नाही. अण्णांना आईनंच सांगितलं, गुडघा बरा झाल्यावर. ते म्हणाले, "मला सांगावं वाटलं न्हाई व्हय?" कॉलेज सोडायचा विषय त्यांनी काढला नाही. आता मी पुन्हा खेळते. विद्यापीठाच्या संघात नाही, कॉलेजच्याच.

परीक्षेचा निकाल लागल्यावर पेढे घेऊन मी तो जिना चढले. न थांबता, कठड्याला हात न लावता. वर बघायला कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. खालच्या दुकानदारानं सांगितलं, मॅडम कायमच्या लातूरला गेल्या, लेकीकडं. दारावर त्यांच्या हातचा एक बेडूक चिकटवलेला होता. त्याखाली लिहिलं होतं, 'व्यायाम सोडू नका.' मी तो कागद अलगद काढला आणि घरी नेला.

आता तो आमच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वर आहे. या सुट्टीत आई त्याच्याकडं बघून गोधडीवर कंबर उचलत होती. मधेच थांबली. मी तिला पालथं केलं, कमरेवर अंगठा ठेवला आणि विचारलं.

"काई न्हाई," ती लगेच म्हणाली.

मी अंगठा उचलला. "विचार करून सांग. घाई कुणाला हाय?"

आईच्या मुठीतली गोधडी हळूहळू सुटली.

"दुखतंय," ती म्हणाली. "लई दिवसांपासून."